नवीन असेंबल केलेला डेस्कटॉप गेम चालू असताना एकदम बंद पडतो, नक्की कुठे बघायचं?

नागझिरा

आठ दिवसांपूर्वी नवीन डेस्कटॉप असेंबल केला आहे. ब्राउझर, एक्सेल, व्हिडिओ यांना दिवसभर काही अडचण नाही. गेम सुरू केला की १५ ते २० मिनिटांत मशीन एका झटक्यात बंद होतं. निळा स्क्रीन येत नाही, एरर नाही, आधी अडखळत नाही. पंखे, दिवे सगळं एकदम गप्प.

प्रोसेसर रायझन ५ ७६००, सोबत आलेला कूलर.
मदरबोर्ड बी६५०, मायक्रो एटीएक्स (नेहमीच्या एटीएक्सपेक्षा लहान आकाराचा).
रॅम डीडीआर५, १६ जीबीच्या दोन स्टिक, ६००० वर, एक्स्पो (रॅम जादा वेगाने चालवणारं सेटिंग) चालू.
ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०७०, ८ पिनांचं एकच कनेक्टर लागणारं मॉडेल.
एसएमपीएस (पॉवर सप्लाय) ६५० वॅट, गोल्ड, पूर्ण मॉड्युलर, म्हणजे सगळ्या केबली सुट्या निघणारा.
१ टीबी एनव्हीएमई एसएसडी (थेट बोर्डवर बसणारी) आणि ४ टीबीची ३.५ इंची हार्ड डिस्क.
कॅबिनेटमध्ये ५ पंखे, मागच्या बाजूला पंख्यांचा हब (सगळ्या पंख्यांच्या वायरी एकत्र जोडणारा).

विंडोज नव्याने टाकून झालं, ग्राफिक्सचा ड्रायव्हर आणि बायोसही अपडेट केला. फरक नाही. दुकानदार म्हणतो एसएमपीएस कमी पडतोय, ८५० वॅटचा घ्या. नागपुरात सध्या दुपारी खोलीत ३८ अंश असतात, त्यामुळे गरमीचाही संशय आहे. आधी काय तपासावं?

मेळघाट

एक्स्पो बंद करून बघा. डीडीआर५ ६००० वर सगळ्याच बोर्डांवर नीट चालत नाही. रॅम ४८०० वर आणा आणि रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चे चार पास पूर्ण होऊ द्या.

कोकणकडा

नागझिरा, ८५० वॅटचा एसएमपीएस आत्ता अजिबात घेऊ नका. मशीन *कसं* बंद पडतं हे नीट पाहिलं तर निम्मं निदान तिथेच होतं, आणि त्याला एक रुपया लागत नाही. पुढच्या वेळी बंद पडेल तेव्हा घाई न करता एवढं बघून ठेवा.

१. बंद पडल्यावर आपोआप पुन्हा सुरू होतं, की तसंच पडून राहतं?
२. लगेच पॉवर बटण दाबलं तर सुरू होतं का? की एसएमपीएसचा मागचा खटका बंद करून थोडं थांबावं लागतं?
३. मदरबोर्डावर स्टँडबायचा दिवा (मशीन बंद असतानाही जळणारा) असेल तर तो त्या वेळी चालू असतो का?
४. मॉनिटर आणि राउटर त्याच एक्स्टेन्शन बोर्डवर किंवा यूपीएसवर असतील तर ते चालू राहतात का?

दुसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. एसएमपीएसने स्वतःच्या संरक्षणासाठी लाईन तोडली असेल, म्हणजे कुठे शॉर्ट झाला किंवा करंट मर्यादेबाहेर गेला, तर तो बहुतेक वेळा कुलूप लावून बसतो. बटण कितीही दाबा, दाद देत नाही. मागचा खटका बंद करून १० ते ३० सेकंद थांबलं, आतले कपॅसिटर रिकामे झाले, की मग सुरू होतो. प्रोसेसर तापून बंद झाला असेल तर बटण दाबताच मशीन सुरू होतं, आणि कूलर खरोखरच नीट बसलेला नसेल तर मिनिटाभरात परत मान टाकतं.

मेळघाट, रॅम बिघडली की मशीन अडकतं, निळा स्क्रीन दाखवतं, रीस्टार्ट होतं किंवा गेम डेस्कटॉपवर फेकतो. रॅममुळे पंख्यांसकट सगळं थंड पडणं फार क्वचित. एक्स्पो बंद करून बघायला हरकत नाही, फक्त सुरुवात तिथून करायला नको. एक आठवण करून देतो: एएम५ (तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटच्या) बोर्डवर रॅमचं सेटिंग बदललं की पुढच्या वेळी काळा स्क्रीन काही मिनिटं राहू शकतो. बोर्ड तेव्हा मेमरी ट्रेनिंग करत असतो, म्हणजे रॅमशी जुळवून घेत असतो. ‘बंद पडलं’ समजून खटका मारू नका.

हार्बर_लाईन

विंडोजची नोंदही काढा. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्स, त्यात सिस्टीम. बंद पडल्याच्या वेळेजवळ कर्नल-पॉवर, क्रमांक ४१ दिसेल. बरेच जण हा ४१ पाहून ‘पॉवरचा प्रॉब्लेम’ असा निकाल देऊन मोकळे होतात. त्याचा अर्थ एवढाच की मागचं शटडाऊन रीतसर झालं नव्हतं. प्लग उपटला तरी ४१ येतो, निळा स्क्रीन आला तरी ४१ येतो.

कामाची माहिती त्याच्या डीटेल्स टॅबमध्ये आहे. तिथे ‘बगचेककोड’ बघा. शून्य असेल तर विंडोजला काही कळायच्या आत वीज गेली किंवा मशीन जागीच गोठलं. शून्य नसेल तर निळ्या स्क्रीनचा कोड तिथे दशमान आकड्यात असतो. उदाहरणार्थ २९२ म्हणजे नेहमीच्या लिखाणातला ०एक्स१२४, हार्डवेअरची सुधारता न आलेली चूक. ‘पॉवरबटणटाइमस्टँप’ शून्य नसेल तर पॉवर बटण दाबून धरल्याची नोंद झाली आहे, मग कॅबिनेटचं बटण अडकतंय का तेही बघावं लागेल. आसपास व्हीया-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या) लाल किंवा पिवळ्या नोंदी आहेत का, तेही लिहा. क्रमांक १०७४ दिसला तर शटडाऊन एखाद्या प्रोग्रॅमने किंवा अपडेटने सांगून केलेलं आहे, मग हार्डवेअर उघडायचं कारणच नाही.

आणखी एक करून ठेवा: सिस्टीम प्रॉपर्टीज, अॅडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी, तिथे ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढा. म्हणजे निळा स्क्रीन येत असेल तर तो समोर थांबून राहील.

वायरमन

बाहेरच्या लाईनचं बोलतो. कॉम्प्युटर कुठल्या सॉकेटवर आहे, मधे एक्स्टेन्शन बोर्ड आहे का, यूपीएस किती व्हीएचा आहे?

घरोघरी मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे बहुधा ३६० वॅटच. मागच्या स्टिकरवर वॅटचा आकडा असतो, तोच धरायचा. त्यावर गेमिंग मशीन आणि मॉनिटर टाकला तर लाईट असेपर्यंत चालेल आणि लाईट गेली की बॅटरीवर येतानाच कोसळेल. पण असं झालं तर मॉनिटरही विझतो आणि यूपीएस बोंब मारतो. म्हणूनच कोकणकडा यांचा चौथा प्रश्न महत्त्वाचा.

इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट मोजून घ्या. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थ जवळजवळ तेवढेच, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज ते अर्थ भलतंच काही दाखवत असेल तर अर्थिंग फक्त नावाला आहे. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. मग कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, कारण एसएमपीएसच्या फिल्टरमधून गळणाऱ्या किंचित करंटला जमिनीत जायला वाटच नसते. यामुळे मशीन बंद पडेलच असं नाही, पण ते आधी दुरुस्त करा. हा जिवाचा प्रश्न आहे.

आणि स्टॅबिलायझर लावू नका. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेल्या एसएमपीएसला कमी दाबाचं विशेष काही वाटत नाही. उलट रिलेचा स्टॅबिलायझर टॅप बदलताना क्षणभर लाईन तोडतो, म्हणजे नसलेली अडचण आपणच आणतो.

नागझिरा

सगळ्यांचे आभार. आज दोनदा बंद पाडून पाहिलं.

आपोआप सुरू होत नाही. बटण दाबलं तर काहीच होत नाही. मागचा खटका बंद करून साधारण १५ सेकंद थांबल्यावर सुरू होतं. बोर्डावरचा छोटा दिवा मात्र बंद पडल्यावरही चालूच होता. मॉनिटर त्याच सॉकेटवरच्या दुसऱ्या प्लगमध्ये आहे, तो ‘नो सिग्नल’ दाखवतो, विझत नाही. यूपीएस नाही, थेट भिंतीत. सॉकेटचे आकडे: २३४, २३३ आणि १.२.

४१ च्या नोंदीत बगचेककोड ०, पॉवरबटणटाइमस्टँप ०. व्हीया-लॉगरची एकही नोंद नाही.

कोकणकडा

छान माहिती दिलीत. आता क्षेत्र बरंच लहान झालं. लाईट ठीक, अर्थिंग ठीक, विंडोज बाजूला. स्टँडबायची ५ व्होल्ट लाईन जिवंत आहे आणि मुख्य लाईनी तोडून एसएमपीएस कुलूप लावून बसतोय. म्हणजे त्याला काहीतरी खटकतंय. ते काय, हे शोधायचं.

आधी दुकानदाराचा मुद्दा. ७६०० प्रोसेसरला बोर्डवरच्या त्याच्या सॉकेटमधून जास्तीत जास्त ८८ वॅट मिळतात. ४०७० ची मर्यादा २०० वॅट. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून सढळ हाताने ६० धरा. झाले ३५० च्या आत. ६५० वॅटच्या धड एसएमपीएसचं हे निम्म्याच्या थोडं वर काम आहे. ग्राफिक्स कार्ड क्षणभर दुपटीपर्यंत उसळी घेऊ शकतं, मायक्रोसेकंदांपुरती, आणि आधीच्या पिढीच्या मोठ्या कार्डांनी चांगले चांगले एसएमपीएस त्यामुळे पाडलेत, हे खरं. म्हणूनच एसएमपीएससाठीच्या २०२२ च्या एटीएक्स ३.० या प्रमाणात दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसण्याची अट घातली. पण २०० वॅटच्या कार्डाने ६५० वॅटचा एसएमपीएस पडावा हे मला पटत नाही. एसएमपीएसच सदोष असेल तर वेगळं, तेही तपासू.

क्रमाने चाचण्या. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वेळ लिहून ठेवा.

एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये सेन्सर्सचं लॉगिंग चालू करा, दर सेकंदाला. वीज अचानक गेल्यामुळे शेवटची एखाद-दुसरी ओळ हरवू शकते, पण त्याआधीचं तापमान फाइलमध्ये राहतं. ७६०० ची मर्यादा ९५ अंश. ९५ ला पोचला तर तो आपला वेग कमी करतो, लगेच बंद पडत नाही. त्यामुळे ‘९० दिसले, म्हणजे गरमीने बंद पडलं’ हा निष्कर्ष चुकीचा.

मग फक्त प्रोसेसर: सिनेबेंच आर२३, ३० मिनिटं. त्यानंतर फक्त ग्राफिक्स: फरमार्क, १५ मिनिटं. शेवटी दोन्ही एकदम: ओसीसीटीची पॉवर टेस्ट.

यातून वाचलं तर आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये कार्डाची पॉवर लिमिट ६० टक्के करा, म्हणजे साधारण १२० वॅट, आणि तोच गेम खेळा. भार हे कारण असेल तर बंद पडणं थांबेल. थांबलं नाही तर भार हे कारण नाही.

ही सगळी उठाठेव करण्याआधी मशीन बंद करून, प्लग काढून, दोन कनेक्टर हाताने दाबून बघा: प्रोसेसरचं ४+४ पिनांचं आणि कार्डाचं ६+२ (मिळून ८) पिनांचं. खटकी पूर्ण अडकली पाहिजे. ४+४ मधला एक भाग अर्धा मिलिमीटर वर राहिलेला डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळतो.

सातमाळा

मधेच विचारतो, माझाही नवीन असेंबल केलेला आहे. सुरू केलं की साधारण १५ सेकंदांत बंद. दर वेळी तेवढ्याच वेळात. विंडोजपर्यंत पोचतच नाही. तेच कारण असेल का?

कोकणकडा

सातमाळा, तुमचं वेगळं आहे. दर वेळी ठरावीक वेळ म्हणजे कोणीतरी मोजून बंद करतंय. काही बोर्ड यूएसबीच्या एखाद्या पोर्टवर जादा करंट दिसला की ‘१५ सेकंदांत बंद करतोय’ असा संदेश दाखवून तेच करतात. मॉनिटर उशिरा जागा झाला तर संदेश दिसतही नाही.

मागे लावलेलं सगळं यूएसबी काढा, कीबोर्डसुद्धा. मग कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबीच्या दोन्ही वायरी बोर्डवरून काढा, ९ पिनांची जुनी आणि १९ पिनांची निळी किंवा काळी जाड. मशीन सुरू राहिलं तर दोष त्यांच्यातच. टॉर्च लावून हेडरच्या पिना बघा. १९ पिनांचा प्लग तिरका घातला तर एखादी पिन वाकून शेजारणीला टेकते. बारीक चिमट्याने हळू सरळ करा, एकदाच. पुन्हापुन्हा वाकवली तर तुटेल.

तसं नसेल तर कूलर काढून बघा, तळाची पारदर्शक पट्टी तशीच तर नाही ना राहिली. फक्त तेव्हा वेळ दर वेळी थोडी वेगळी येते.

सातमाळा

१९ पिनांची वायर काढली आणि मशीन चालू राहिलं! कोपऱ्यातली एक पिन आडवी झोपलेली आहे. सरळ करतो. मनापासून आभार.

तेरेखोल

आमच्याकडे गोव्यात पावसाळ्यात लाईट सारखी ये-जा करते. घराला इन्व्हर्टर आहे, तरी लाईट जाताच कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, बल्ब मात्र नुसता लुकलुकतो. एसएमपीएस खराब आहे का?

वायरमन

एसएमपीएस ठीक असावा. वीज तुटल्यावर एसएमपीएस साठवलेल्या जोरावर पूर्ण भार साधारण १७ मिलिसेकंद ओढू शकतो. आपली लाईन ५० हर्ट्झची, एक सायकल २० मिलिसेकंदांची. म्हणजे एक अख्खी सायकल गेली तरी खेळ संपला. इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे मोडचा खटका असतो, तो यूपीएसवर आहे का बघा. साध्या मोडमध्ये बदलायला फार वेळ घेतो, पंख्या-दिव्यांना ते चालतं. यूपीएस मोडमध्ये तो वेळ बराच खाली येतो. शिवाय इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर नव्या एसएमपीएसना ते मानवत नाही, साइन वेव्ह लागतो. दोन्ही करून जमलं नाही तर कॉम्प्युटरपुरता लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस घ्या, वॅट बघून.

नागझिरा

चाचण्या झाल्या, लिहितो.

४+४ आणि ६+२ दोन्ही घट्ट आहेत.
सिनेबेंच ३० मिनिटं पूर्ण, प्रोसेसर ८८ अंशांपर्यंत.
फरमार्क: पहिल्यांदा १५ मिनिटं पूर्ण, कार्ड ७४ अंश. दुसऱ्यांदा ११ व्या मिनिटाला बंद.
ओसीसीटी पॉवर: ९ व्या मिनिटाला बंद.
पॉवर लिमिट ६० टक्के करून गेम: २२ व्या मिनिटाला बंद.
बंद पडण्याआधी लॉगमध्ये १२ व्होल्टची लाईन १२.०५ ते १२.१५. कुठेही घसरलेली नाही.

आणखी एक, कामाचं आहे की नाही माहीत नाही. काल नुसता ब्राउझर चालू असताना कॅबिनेट टेबलाखाली सरकवलं आणि तेव्हाही बंद पडलं.

कोकणकडा

तुमची शेवटची ओळ सगळ्या चाचण्यांपेक्षा मोठी आहे.

कार्डाचा भार ६० टक्क्यांवर आणला तरी बंद. तापमान मर्यादेत. १२ व्होल्ट स्थिर, एटीएक्सला ११.४० ते १२.६० चालतं, तुम्ही मधोमध आहात. बोर्डचे सेन्सर मिलिसेकंदाची घसरण पकडत नाहीत, हे धरूनसुद्धा चित्र भाराचं नाही. आणि काहीही भार नसताना कॅबिनेट हलवलं की बंद. म्हणजे काहीतरी *हलतंय* आणि टेकतंय. शॉर्ट.

मग गेममध्येच का? माझा अंदाज असा: गेममध्ये पंखे जोरात फिरतात, कॅबिनेट थरथरतं, आतली हवा तापते आणि वायरीचं प्लॅस्टिक नरम पडतं. जिथे जेमतेम अंतर आहे तिथे ते संपतं.

शॉर्टच्या जागा नव्या मशीनमध्ये ठरलेल्या असतात.

पहिली, बोर्डखालचा जादा स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यावर स्क्रूने बसतो तो छोटा खांब. कॅबिनेट एटीएक्ससाठी तयार असतं, बोर्ड मायक्रो एटीएक्स. न लागणारा पितळी स्टँडऑफ तसाच राहिला तर तो बोर्डच्या पाठीला, नेमका एखाद्या सोल्डरच्या टोकाला टेकतो. बोर्डला जितकी भोकं तितकेच स्टँडऑफ, एकही जास्त नको. दुसरी, बोर्डमागे पडलेला स्क्रू. तिसरी, पंख्याची किंवा दिव्यांची वायर, पत्र्याच्या कडेवर कापलेली. चौथी, मागच्या बाजूचा साटाचा पॉवर कनेक्टर, हार्ड डिस्क आणि हबला वीज देणारा.

बोर्ड उचकटण्याआधी सोपी चाचणी करा. बहुतेक जण बाजूचं पॅनल काढून चालवतात, मशीन चाललं की ‘गरमी होती’ म्हणतात. तुम्ही दोन्ही पॅनल *वेगवेगळी* तपासा. आधी काचेचं काढा, मागचं पत्र्याचं राहू द्या, गेम चालवा. मग उलट: काच लावा, मागचं पत्र्याचं काढा. मागच्या पॅनलच्या बाजूने हवा जवळजवळ खेळतच नाही, तिथे फक्त केबलींचा भारा असतो. ते काढून मशीन सुधारलं तर त्याचा गरमीशी संबंध नाही. पत्रा केबलीला दाबतोय.

नागझिरा

काचेचं पॅनल काढून, मागचं ठेवून: १७ व्या मिनिटाला बंद.
काच लावून, मागचं काढून: २ तास १० मिनिटं गेम, एकदाही बंद नाही. कॅबिनेट मुद्दाम हलवून, वर थापट्या मारून पाहिलं, तरी चालू.

हार्बर_लाईन

दोन पॅनल वेगळी तपासायची ही युक्ती वहीत लिहून ठेवण्यासारखी आहे.

कोकणकडा

आता प्लग काढा, पॉवर बटण पाच-सहा सेकंद दाबून उरलेली वीज काढून टाका, आणि मागची बाजू टॉर्चने बघा. पत्र्याच्या आतल्या बाजूवर घासल्याची किंवा दाबल्याची खूण कुठे आहे ते आधी शोधा, मग त्याच्या समोर काय येतं ते.

माझा पहिला संशय हबला जाणाऱ्या साटा पॉवर कनेक्टरवर आहे. कारण सांगतो. त्याला १५ पट्ट्या असतात, तीन-तीनच्या गटांत: ३.३ व्होल्ट, ग्राउंड, ५ व्होल्ट, ग्राउंड, १२ व्होल्ट. प्रत्येक व्होल्टेजच्या शेजारी ग्राउंड आहे. कनेक्टर आडवा दाबला गेला, किंवा पाठीमागची टोपी उचकटली आणि एक वायर किंचित सरकली, की शेजार सरळ ग्राउंडचाच. हेच प्लॅस्टिकमध्ये ओतून बनवलेल्या स्वस्त मोलेक्स-साटा (जुन्या ४ पिनांच्या प्लगवरून साटा करणाऱ्या) जोडण्यांत जळण्यापर्यंत जातं, म्हणून त्या मी कुणालाच लावू देत नाही.

साखळीतल्या प्रत्येक कनेक्टरची मागची टोपी बघा. नखाने उचलली जाते का? वायर जिथून आत शिरते तिथे तिचं आवरण शाबूत आहे का?

मल्टीमीटर असेल तर ती केबल एसएमपीएसपासून आणि दुसऱ्या टोकापासून दोन्हीकडून काढा, मीटर बीपवर ठेवा आणि केबल टेबलावर मोकळी ठेवून शेजारशेजारच्या वायरी तपासा. मोकळी असताना बीप नको. मग कनेक्टर पत्रा दाबतो तसा बोटाने दाबा. बीप आली तर चोर सापडला.

नागझिरा

सापडला.

हार्ड डिस्क आणि हब एकाच केबलवर आहेत. हबचा कनेक्टर शेवटचा. त्याची पाठीमागची काळी टोपी एका बाजूने उचललेली होती. पत्र्याच्या आत नेमक्या त्या जागी नखाएवढी चकाकणारी घासलेली खूण. टोपीखाली एका वायरच्या आवरणावर तिळाएवढा तपकिरी डाग आहे, आतलं तांबं दिसतं. केबल मोकळी असताना बीप नाही. टोपीवर अंगठा दाबला की पाचव्या आणि चौथ्या वायरमध्ये, म्हणजे १२ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये, बीप येते. सोडला की बंद.

चिकटपट्टी गुंडाळून चालेल का? दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसची साटा केबल घरात पडून आहे, ती लावू का?

कोकणकडा

दोन्ही नको.

चिकटपट्टी गरमीत सुटते, आणि तिथे १२ व्होल्टला ताकदीचा एसएमपीएस मागे उभा आहे. या वेळी त्याने वेळेवर हात काढून घेतला. अर्धवट शॉर्ट झाला, करंट त्याच्या मर्यादेच्या जरा खाली राहिला, तर तो तोडणार नाही आणि कनेक्टर पेटेल.

दुसऱ्या कंपनीची केबल तर कधीच नको. डिस्कच्या बाजूचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम कुठल्याही प्रमाणात ठरलेला नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही तो वेगळा असू शकतो. प्लग बसतो आणि ५ च्या जागी १२ व्होल्ट जातात. हार्ड डिस्क त्याच क्षणी संपते, डेटासकट. तुमच्याच मॉडेलची केबल मागवा. डब्यात दुसरी साटा केबल आलेली असण्याची शक्यता मोठी आहे, आधी तो उघडून बघा.

तोवर ही केबल एसएमपीएसपासून काढून ठेवा. एनव्हीएमईला तिची गरज नाही. पंख्यांपैकी दोन बोर्डच्या हेडरवर लावा, एक मागचा आणि एक पुढचा. हेडरला साधारण १ अँपिअरची मर्यादा असते, एक पंखा त्यात आरामात बसतो. दिव्यांच्या वायरी जोडताना एवढं सांभाळा: ३ पिनांची ५ व्होल्टची असते, ४ पिनांची १२ व्होल्टची. चुकून अदलाबदल झाली तर दिव्यांची पट्टी जळते.

वायरमन

मागची जागाही मोजा. नवीन केबल त्याच दाबाखाली गेली तर महिन्याभरात तिचंही तेच होईल.

नागझिरा

डब्यात दुसरी साटा केबल निघाली. आता हब आणि हार्ड डिस्क दोन वेगळ्या केबलींवर आहेत. जागा मोजली: बोर्ड बसतो त्या ट्रेपासून मागच्या पत्र्यापर्यंत १८ मिमी. हबच्या ठिकाणी हब, त्यावर कनेक्टर आणि त्यावरून गेलेली २४ पिनांची जाड केबल मिळून २० च्या वर जात होतं. पॅनल बसवताना गुडघ्याने रेटावं लागत होतं, तेच कारण.

हब एसएमपीएसच्या झाकणावरच्या खोलगट भागात हलवला. २४ पिनांची केबल दुसऱ्या भोकातून नेली, झिप टाय लावून कडेला घेतली. आता पॅनल दोन बोटांनी सरकतं.

दोन्ही पॅनल लावून ओसीसीटी पॉवर १ तास, नंतर ३ तास गेम, पॉवर लिमिट १०० टक्के. एकदाही बंद नाही. खोलीत ३७ अंश असताना प्रोसेसर ८६, कार्ड ७३.

मेळघाट

उत्तम. एक्स्पो ६००० वरच ठेवलंत ना?

नागझिरा

हो, ६००० वरच. मेमटेस्टचे चारही पास बिनचूक गेले.

कोकणकडा

आता एक काम उरलं आहे. हार्ड डिस्क त्याच केबलवर होती आणि दहा-बारा वेळा चालू असताना तिची वीज गेली आहे. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तिचे ०५, सी५ आणि सी६ हे तीन आकडे बघा: बदललेले सेक्टर, बदलाच्या प्रतीक्षेतले आणि वाचता न येणारे. तिन्ही शून्य पाहिजेत. मग त्या डिस्कवर चेकडिस्क चालवा. सी५ शून्य नसेल तर चेकडिस्क थांबवा, आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या.

नागझिरा

०५ शून्य, सी५ शून्य, सी६ शून्य. चेकडिस्कने फाइल सिस्टीममधल्या दोन चुका दुरुस्त केल्या, खराब सेक्टर नाही. जुनी केबल कापून टाकली, म्हणजे चुकून पुन्हा कोणाच्या हाती लागणार नाही.